हसऱ्या फोटोखालच्या चार ओळी

अमेरिकेतल्या लॉ स्कूलांची एक ठरलेली बातमी असते. एक शैक्षणिक वर्ष संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या महिन्यांत ती येते. वर ‘नव्या प्राध्यापकांचं स्वागत’ असा मथळा, ओळीने तीन-चार हसरे फोटो, आणि प्रत्येक फोटोखाली जेमतेम चार ओळी. साचा इतका पक्का आहे की नमुना बसल्या जागी रचता येतो :

‘जुलैपासून असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू होत आहेत. करार कायदा आणि दिवाळखोरी कायदा शिकवतील. एका नामांकित लॉ रिव्ह्यूमध्ये लेख प्रसिद्ध. याआधी दोन वर्षं फेलो, त्याआधी फेडरल अपील न्यायालयातल्या एका न्यायाधीशांच्या क्लार्क. शिक्षण : जे.डी., अर्थशास्त्रात पीएच.डी.’

बाहेरचा माणूस हे वाचून ‘छान’ म्हणतो आणि पुढे जातो. या क्षेत्रातला माणूस मात्र ते स्थळाची माहिती वाचावी तसं वाचतो. काय लिहिलंय ते तर बघतोच, काय लिहायचं टाळलंय तेही बघतो. कारण यातला एकेक शब्द दोन-दोन, तीन-तीन वर्षं खर्चून मिळवलेला असतो, आणि लॉ स्कूलने त्यावर पुढच्या तीसेक वर्षांचा डाव लावलेला असतो. त्या चार ओळी कशा वाचायच्या, ते आता बघू.

आधी हुद्दा. असिस्टंट, असोसिएट आणि मग नुसतं प्रोफेसर, अशी चढती भाजणी असते. काही लॉ स्कूलांत सुरुवातच असोसिएटपासून होते, त्यामुळे केवळ त्या शब्दावरून ज्येष्ठता ठरवायला जाऊ नये. खरा प्रश्न वेगळाच असतो : ही नेमणूक टेन्युअरच्या वाटेवरची आहे की नाही?

टेन्युअर म्हणजे कायमपण. ते मिळालं की सबळ कारण आणि रीतसर चौकशी यांच्याशिवाय प्राध्यापकाला काढता येत नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेने १९४० मध्ये जे निवेदन काढलं, त्यात उमेदवारीचा काळ सात वर्षांपेक्षा जास्त नसावा असं म्हटलं आहे. आजही बहुतेक विद्यापीठं साधारण त्याच चौकटीत चालतात. म्हणजे पाच-सहा वर्षांनी फाईल उघडते. बाहेरच्या विद्यापीठांतल्या तज्ज्ञांना लेखन पाठवून त्यांची मतं मागवली जातात, सहकारी मतदान करतात, आणि मग एक तर कायम, नाहीतर निरोप. ‘आणखी दोन वर्षं बघू’ हा पर्याय सहसा नसतो.

कायद्याच्या शिक्षकाला एवढं संरक्षण कशाला, असं वाटू शकतं. पण याचं कामच न्यायालयांचे निकाल, सरकारची धोरणं आणि मोठ्या कंपन्यांचे करार चारचौघांत उलगडून त्यांतल्या चुका दाखवण्याचं. दरवर्षी नोकरीचं नूतनीकरण व्हायचं असेल तर माणूस जपून बोलणार, हे उघड आहे.

दरवर्षीच्या नूतनीकरणाची भीती कशी असते, त्याचं एक उदाहरण पुढे फार प्रसिद्ध झालं. रूथ बेडर गिन्सबर्ग १९६३ मध्ये रटगर्स लॉ स्कूलमध्ये शिकवायला लागल्या. पगार पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमी. कारणही तोंडावर सांगितलं गेलं : तुमच्या नवऱ्याला चांगली नोकरी आहे. त्याच वर्षी समान वेतनाचा संघीय कायदा झाला, हा योगायोग बघण्यासारखा आहे. दोनेक वर्षांनी त्यांना दुसऱ्यांदा दिवस गेले. नोकरी वर्षाच्या कराराची, पुढच्या वर्षीचा कागद हातात आला नव्हता. म्हणून त्या सासूबाईंचे ढगळ कपडे घालून वर्गात जायच्या. पुढे सर्वोच्च न्यायालयात बसलेल्या बाईंनी सासूच्या कपड्यांत लपून एक सत्र काढलं! कोलंबिया लॉ स्कूलने १९७२ मध्ये त्यांना घेतलं ते टेन्युअरसह, आणि तिथे ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या.

आता हुद्द्याची दुसरी बाजू. ‘प्रोफेसर’ या शब्दाच्या पुढे-मागे एखादं विशेषण चिकटलं की अर्थ पार बदलतो. बराक ओबामा शिकागो विद्यापीठाच्या लॉ स्कूलमध्ये १९९२ पासून २००४ पर्यंत घटनात्मक कायदा शिकवत होते. आधी लेक्चरर, १९९६ पासून सीनियर लेक्चरर. २००८ च्या निवडणुकीत वाद उठला की हे स्वतःला प्रोफेसर म्हणवतात, ते खरं का? शेवटी लॉ स्कूलला निवेदन काढावं लागलं : आमचे सीनियर लेक्चरर हे अध्यापकवर्गाचे सदस्य आहेत, त्यांना आम्ही प्रोफेसरच मानतो, मात्र ते पूर्णवेळ किंवा टेन्युअरच्या वाटेवरचे नसतात. त्या वाटेवर येण्याचं आमंत्रण ओबामांना एकापेक्षा जास्त वेळा दिलं होतं आणि त्यांनी ते घेतलं नाही, हेही त्यात होतं. एका शब्दावरून राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराची उलटतपासणी झाली, यावरून त्या शब्दाचं वजन कळावं.

अ‍ॅडजंक्ट म्हणजे दिवसभर वकिली किंवा न्यायदान करून संध्याकाळी एखादा विषय शिकवणारे. विद्यार्थ्यांना ते बहुधा आवडतात, कारण सकाळी कोर्टात काय झालं ते रात्री वर्गात येतं. क्लिनिकल प्रोफेसर विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन खऱ्या अशिलांचे खरे दावे चालवतात. कायदेशीर लेखन शिकवणारे वेगळे. या दोघांच्या नोकरीची शाश्वती किती असावी, यासाठी अमेरिकन बार असोसिएशनच्या मान्यतेच्या नियमांत वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि लेखन शिकवणाऱ्यांची पायरी सगळ्यात खालची. त्या पायरीवर बायकांचं प्रमाण जास्त आहे. वकिलाला आयुष्यभर जे करायचं असतं ते म्हणजे लिहिणं, आणि ते शिकवणाऱ्याला सगळ्यात कमी मान! हा उफराटा प्रकार मला अजून पटलेला नाही.

‘व्हिजिटिंग’ हा शब्द दिसला तर जरा थांबून विचार करावा. कधी तो खरोखरच पाहुणा असतो, कुणाच्या तरी रजेच्या जागी आलेला. कधी मात्र ते दोन्ही बाजूंनी पारखणं असतं. एलेना केगन १९९९ मध्ये हार्वर्ड लॉ स्कूलला व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून आल्या, २००१ मध्ये पूर्ण प्रोफेसर झाल्या, २००३ मध्ये डीन, आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती.

नमुन्यातला पुढचा शब्द क्लार्क. मराठी वाचकाला क्लार्क म्हटलं की फायलींच्या ढिगामागचा कारकून दिसतो. इथला क्लार्क म्हणजे नुकताच कायद्याची पदवी घेतलेला, वर्गात वरच्या क्रमांकाने आलेला विद्यार्थी, जो वर्षभर एका न्यायाधीशाच्या दालनात बसून संशोधन करतो आणि निकालपत्रांचे कच्चे मसुदे लिहितो. सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्ती आणि प्रत्येकाचे साधारण चार क्लार्क, म्हणजे सगळे मिळून वर्षाला छत्तीसेक जण. बातमीत हा उल्लेख आला की एक कठीण चाळणी या माणसाने आधीच पार केली आहे, असं समजलं जातं. शिवाय न्यायाधीशाचं शिफारसपत्र मिळतं, त्याचं वजन वेगळंच.

आमच्या काल्पनिक बाईंच्या माहितीत वकिलीचा उल्लेखच नाही, हे लक्षात आलं का? क्लार्कशिप, फेलोशिप आणि थेट प्राध्यापकी. जिने कधी वकिली केली नाही ती वकील कसे घडवणार, हा प्रश्न स्वाभाविक आहे आणि तो दीडशे वर्षं जुना आहे.

पूर्वी अमेरिकेत कायदा शिकायचा तो एखाद्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून. विद्यापीठात कायद्याचं अध्यासन आलं १७७९ मध्ये, विल्यम अँड मेरी कॉलेजात, जॉर्ज विथ यांच्यासाठी. पण विथ स्वतः मुरलेले वकील आणि न्यायाधीश होते. पुढेही शिकवणारे असेच असायचे : आयुष्यभर वकिली केलेले, उतारवयात अनुभव वाटणारे. १८७० मध्ये क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल हार्वर्ड लॉ स्कूलचे डीन झाले आणि गाडी रूळ बदलून गेली. कायदा हे शास्त्र आहे आणि त्याची सामग्री छापील निकालांत आहे, असं त्यांचं म्हणणं. मग शिकवायला कोर्टातला घाम कशाला हवा? निकाल बारकाईने वाचणारं डोकं हवं. १८७३ मध्ये त्यांनी जेम्स बार एम्स या तरुणाला असिस्टंट प्रोफेसर केलं. एम्सची स्वतःची पदवी आदल्याच वर्षीची, आणि वकिलीचा अनुभव नसल्यातच जमा. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. एम्स पुढे १८९५ मध्ये त्याच लॉ स्कूलचे डीन झाले.

आज दिसणारा ‘अभ्यासक प्राध्यापक’ हा त्या नेमणुकीचाच वंशज. त्याचं पुढचं टोक म्हणजे जे.डी.च्या, म्हणजे लॉ स्कूलच्या नेहमीच्या पदवीच्या, जोडीला पीएच.डी. अर्थशास्त्र, इतिहास, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, यांतलं काहीतरी. येल लॉ स्कूलने तर २०१२ मध्ये खास कायद्यातलीच पीएच.डी. सुरू करत असल्याचं जाहीर केलं, ज्यांना प्राध्यापकच व्हायचं आहे त्यांच्यासाठी. फायदा उघड आहे. दिवाळखोरीचा कायदा शिकवणाऱ्याला अर्थशास्त्र पक्कं येत असेल तर तो कायदा असा का आहे हे त्याला सांगता येतं. तोटाही तितकाच उघड : दिवाळखोरीत निघालेल्या माणसाचा अर्ज त्याने कधी स्वतः भरलेला नसतो.

फेलोशिप हा शब्द दिसायला साधा, पण आज नोकरीचा दरवाजा बहुतेक तिथूनच उघडतो. शिकागोची बिगेलो, हार्वर्डची क्लायमेंको ही त्यांतली नावाजलेली नावं. साधारण दोन वर्षांची तात्पुरती जागा असते. पहिल्या वर्षाच्या मुलांना कायदेशीर लेखन शिकवायचं, म्हणजे जे काम सगळ्यात खालचं मानलं जातं तेच, आणि उरलेल्या वेळात स्वतःचा एक दणदणीत लेख तयार करायचा. मोठ्या फर्ममधला गलेलठ्ठ पगार सोडून, कमी पैशांत, पुढच्या नोकरीची खात्री नसताना. ज्याच्या घरी दुसरा पगार येतो किंवा ज्याच्या डोक्यावर शिक्षणकर्जाचा डोंगर नाही, त्याला हे जास्त सोपं जातं. बातमीत अर्थातच हे येत नाही.

या लेखाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण नेमणुकीचा सगळा खेळ त्याच्याभोवती चालतो, आणि तो जिथे छापून येतो ती जागा जगावेगळी आहे. इतर विषयांत प्राध्यापकाचा लेख दुसरे प्राध्यापक तपासतात. अमेरिकी कायद्यात तो तपासतात विद्यार्थी! १८८७ मध्ये सुरू झालेलं हार्वर्ड लॉ रिव्ह्यू विद्यार्थीच चालवतात, आणि बहुतेक लॉ स्कूलांची नियतकालिकं त्याच पद्धतीची. कोणता लेख घ्यायचा, कोणता परत पाठवायचा, कुठल्या वाक्याला तळटीप हवी, हे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं ठरवतात. तळटिपा मोजायला गेलात तर काही शेकडा भरतात. लांबी इतकी बोकाळली की हार्वर्ड लॉ रिव्ह्यूला ‘२५,००० शब्दांच्या आत असेल तर बरं’ असं लेखकांना सुचवावं लागलं.

लेख पाठवायची रीतही न्यारी आहे. एकच लेख एकाच वेळी डझनावारी नियतकालिकांना पाठवायला मुभा असते. मधल्या फळीतल्या एकाने होकार दिला आणि उत्तराला आठवडाभर मुदत दिली, की लेखक लगोलग वरच्या फळीतल्यांना कळवतो : मला होकार आलाय, तुम्ही अमुक तारखेच्या आत सांगा. वरच्याने घेतला की त्याच्याही वरच्याला. भाजीबाजारात ‘पलीकडे इतक्याला मिळतेय’ म्हणून भाव पाडतात, इथे तेच बोलून भाव चढवतात. बातमीतलं ‘नामांकित लॉ रिव्ह्यू’ हे अशा शिडीची शेवटची पायरी असू शकतं. तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलांनी घाईघाईत, परीक्षा सांभाळून केलेल्या निवडीवर तिशी-पस्तिशीच्या माणसाची नोकरी ठरते, याची चेष्टा खुद्द प्राध्यापकच सगळ्यात जास्त करतात. पद्धत मात्र टिकून आहे.

लेख हातात आला की बाजार. हा शब्द माझा नाही. असोसिएशन ऑफ अमेरिकन लॉ स्कूल्स या १९०० मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमार्फत उमेदवार एक ठरावीक छापाचा अर्ज भरतात, तो सगळ्या लॉ स्कूलांच्या निवड समित्यांकडे जातो. पूर्वी शरद ऋतूत वॉशिंग्टनच्या एका मोठ्या हॉटेलात दोन-तीन दिवसांचं मुलाखत संमेलन भरायचं. त्याला सगळे उघडपणे ‘मीट मार्केट’, म्हणजे मटण बाजार म्हणायचे. हॉटेलच्या खोल्यांत समित्या बसलेल्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मुलाखती, आणि सुटाबुटातले उमेदवार लिफ्टची वाट न बघता जिने चढत-उतरत या मजल्यावरून त्या मजल्यावर. २०२० मध्ये साथीमुळे मुलाखती पडद्यावर गेल्या आणि ती प्राथमिक फेरी आता मुख्यतः पडद्यावरच होते. जिन्यांची धावपळ तेवढी वाचली.

पुढची फेरी मात्र प्रत्यक्ष. लॉ स्कूल उमेदवाराला दिवसभर बोलावून घेतं. सकाळपासून छोट्या-छोट्या गटांत भेटी, डीनशी बोलणं, रात्री जेवण. जेवणातही परीक्षा चालूच असते, त्यामुळे घास कमी आणि उत्तरं जास्त असा प्रकार होतो. दिवसाचा गाभा म्हणजे जॉब टॉक. एक लांब टेबल किंवा पायऱ्यांचं सभागृह, समोर वीस-तीस प्राध्यापक, त्यांतल्या काहींनी लेख वाचलेला, काहींनी फक्त सारांश. उमेदवार वीसेक मिनिटं आपला मुद्दा मांडतो. मग प्रश्न. कुठे कुठे तर मांडणी पूर्ण होण्याआधीच तोडतात. एखादा प्राध्यापक हात वर करतो आणि तीन वाक्यांत पूर्ण युक्तिवादाच्या मुळावर घाव घालतो : ‘तुमचं म्हणणं खरं मानलं, तर उद्या अमुक प्रकारच्या दाव्यात तमुक होईल. ते तुम्हाला मान्य आहे का?’ ‘मान्य आहे’ म्हटलं तर एक फासा, ‘नाही’ म्हटलं तर दुसरा. चांगला उमेदवार क्षणभर थांबतो, प्रश्नातला नेमका काटा कुठे आहे ते ओळखतो, आणि ‘इथे माझी मांडणी अपुरी आहे, पण ती अशी सुधारता येईल’ असं म्हणू शकतो. बघणारे खरं तर हेच बघत असतात. पाठ केलेल्या उत्तराला तिथे किंमत नसते.

त्यानंतर दार बंद करून सगळ्या अध्यापकवर्गाची बैठक आणि मतदान. अनेक ठिकाणी साधं बहुमत पुरत नाही, त्याहून बरीच जास्त मतं लागतात. म्हणजे कट्टर विरोधकांचा छोटासा गट एखादं नाव अडवू शकतो. मग डीन फोन करतात : पगार, संशोधनाचा निधी, वर्षाला किती विषय शिकवायचे, जोडीदारासाठी त्या गावात काही जमेल का. या शेवटच्या मुद्द्यावर किती नेमणुका फिसकटतात, त्याची बातमी कधी येत नाही.

आता ‘करार कायदा शिकवतील’ ही ओळ. करार, नुकसानभरपाई, मालमत्ता, दिवाणी प्रक्रिया, फौजदारी आणि घटनात्मक कायदा हे पहिल्या वर्षाचे ठरलेले विषय. कुणी निवृत्त झालं की ती जागा रिकामी ठेवून चालत नाही. त्यामुळे उमेदवाराची आवड अंतराळ कायद्यात असली, तरी ‘करार शिकवाल का?’ या प्रश्नाला ‘आनंदाने’ म्हणणारा पुढे सरकतो. जागा निघणं हेही विद्यार्थ्यांच्या संख्येवर अवलंबून असतं. २०१० मध्ये अमेरिकेत सुमारे ५२ हजार विद्यार्थ्यांनी कायद्याच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतला होता. मंदीनंतर वकिलांच्या नोकऱ्या आटल्या, आणि काही वर्षांत हा आकडा ३७ हजारांच्या आसपास आला. शुल्कावर चालणाऱ्या संस्थांनी नव्या नेमणुकांना कात्री लावली. त्या वर्षांत बाजारात उतरलेल्या चांगल्या-चांगल्या लोकांना केवळ साल चुकल्यामुळे परत जावं लागलं.

फोटोंच्या ओळीत कोण असतं, हाही त्या बातमीतला मजकूरच आहे. बार्बरा आर्मस्ट्राँग यांना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलेतल्या लॉ स्कूलमध्ये १९१९ मध्ये नेमलं गेलं. मान्यताप्राप्त लॉ स्कूलमध्ये टेन्युअरच्या वाटेवर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. १९६० उजाडेपर्यंत अख्ख्या देशात अशा स्त्रिया झाल्या फक्त १४. हार्वर्ड लॉ स्कूलमध्ये टेन्युअर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक डेरिक बेल, वर्ष १९७१. एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला इथे टेन्युअर नाही, म्हणून १९९० मध्ये ते निषेधाची बिनपगारी रजा घेऊन बाहेर पडले. रजेची कमाल मर्यादा दोन वर्षांची. ती उलटल्यावर विद्यापीठाने मुदत वाढवून दिली नाही, आणि त्यांची जागा गेली. त्या लॉ स्कूलमध्ये टेन्युअर घेऊन आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री लानी गिनियर, त्या आल्या १९९८ मध्ये. बेल परत गेले नाहीत.

या सगळ्या वाटेत एक गोष्ट जवळपास कुणी तपासलेली नसते : शिकवता येतं का? लेख वाचला, क्लार्कशिप पाहिली, प्रश्नोत्तरं ऐकली, जेवताना गप्पा मारल्या. पण नवख्या उमेदवाराने प्रत्यक्ष वर्ग घेऊन दाखवायची पद्धत फार थोड्या ठिकाणी आहे. आणि हा वर्ग काही सोपा नाही. इथे व्याख्यान देऊन सुटका नसते. निकाल आधी वाचून यायचा, आणि प्राध्यापक कुणाचंही नाव पुकारून त्याला प्रश्नांच्या फेऱ्यात धरणार, ही लँगडेल यांच्या काळापासूनची रीत. समोर सत्तर-ऐंशी जण, एकीकडे बसण्याच्या जागांचा फोटोंसह तक्ता.

ऑगस्टच्या शेवटी आमच्या चार ओळींतल्या बाई पहिल्यांदा त्या वर्गात शिरतात. दिवाळखोरीवर त्या रात्रभर बोलू शकतील. करार कायदा त्यांनी शेवटचा उघडला होता स्वतः पहिल्या वर्षाला असताना. शेजारच्या खोलीतल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने उसन्या दिलेल्या टिपणांच्या समासात त्यांच्या खुणा आहेत, पहिले दोन निकाल जवळजवळ पाठ आहेत, तिसऱ्यापर्यंत आज पोचायचं नाही असं त्यांनी मनाशी ठरवलंय. त्या तक्त्याकडे बघतात, एका नावावर बोट ठेवतात, आणि ते नाव कसं उच्चारायचं हे आधी विचारून घेतात.